सबस्क्राइबराव

अँग्युलरचं काम चालणाऱ्या कुठल्याही टीममध्ये तुम्ही नव्याने रुजू झालात, की पहिल्याच आठवड्यात सबस्क्राइबरावांशी तुमची गाठ पडणार. म्हणून ओळख आधीच करून देतो. गृहस्थ कामाचे आहेत, शब्दाचे पक्के आहेत, आणि त्यांच्यावाचून तिथलं पान हलत नाही. फक्त त्यांना एकटं राहणं मानवतं. एका सबस्क्राइबरावांच्या पोटात दुसरे सबस्क्राइबराव बसवले, की दोघांचाही स्वभाव बिघडतो.

त्यांचं मोठेपण कळायचं तर आधी त्यांचा जोडीदार ऑब्झर्वेबल बघावा लागतो. हा जातिवंत आळशी. सर्व्हरकडून वस्तूंची यादी आण, संपलेल्या गाळ, उरलेल्या किमतीप्रमाणे लाव, अशी कामांची माळ त्याच्या गळ्यात घातली तरी तो जागचा उठत नाही. एखादा नवशिका अँग्युलरच्या एचटीटीपी क्लायंटवर ‘गेट’ लिहितो आणि ब्राउझरचा नेटवर्क टॅब उघडून वाट बघत बसतो. तिथे काहीच उमटत नाही, कारण रिक्वेस्ट गेलेलीच नसते. मग शेजारची सीनिअर ताई खुर्ची सरकवून येते, ओळीच्या शेवटी टिंब देऊन सबस्क्राइबरावांना उभं करते, आणि सगळं एकदम चालू होतं.

हे एकदा पाहिलं की राव थोडे तोऱ्यात का वावरतात ते समजतं.

सांगितलेलं काम ते अक्षरशः घेतात. सर्व्हरकडे जाणाऱ्या एकाच ऑब्झर्वेबलवर त्यांना दोनदा बोलावलंत, तर ते दोनदा रिक्वेस्ट पाठवतात. यादी मागवायची असेल तर फार बिघडत नाही. ऑर्डर नोंदवायची असेल तर गिऱ्हाइकाच्या नावावर दोन ऑर्डरी पडतात. ‘मघाशीच पाठवली की’ असं म्हणण्याची त्यांची पद्धत नाही.

घराणं चांगलं आहे, मूळ मायक्रोसॉफ्टचं. एरिक मायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डॉटनेटसाठी रिअ‍ॅक्टिव्ह एक्स्टेन्शन्स, म्हणजे आरएक्स, उभी केली आणि २००९ मध्ये ती बाहेर आली. एरवी यादीतला पुढचा घटक आपण मागून घेतो. इथे त्याच्या बरोबर उलट, घटक तयार झाला की त्यानेच येऊन आपल्याला सांगायचं. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने हा कोड सर्वांना खुला केला, २०१३ मध्ये नेटफ्लिक्सने जावासाठी आरएक्सजावा आणलं, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये अँग्युलर २ आलं ते आरएक्सच्या जावास्क्रिप्ट अवताराला, आरएक्सजेएसला, कडेवर घेऊनच. हिंजवडी-खराडीच्या ऑफिसांत राव टेबलाटेबलावर दिसू लागले ते तिथून पुढे.

रावांचा सगळ्यात मोठा गुण आणि सगळ्यात मोठी खोड एकच: शेवटचा शब्द त्यांचा. मॅप, फिल्टर, डिबाउन्सटाइम ही ऑपरेटर मंडळी एक ऑब्झर्वेबल घेतात आणि दुसरा परत देतात, म्हणून त्यांना पाइपात एकामागे एक कितीही जोडता येतं. राव ऑब्झर्वेबल परत देत नाहीत. ते हातावर सबस्क्रिप्शन ठेवतात, म्हणजे एक पावती. नको झालं तर ती दाखवून काम थांबवता येतं, बस. तिच्यापुढे मॅप जोडता येत नाही आणि काय उत्तर आलं तेही तिच्यावर वाचता येत नाही. राव आले की साखळी संपली.

नवख्या माणसाचं पाऊल नेमकं इथे घसरतं. पानाच्या पत्त्यातून वस्तूचा क्रमांक यायचा आहे. क्रमांक आला की वस्तू आणायची. वस्तूत विक्रेत्याचा क्रमांक असतो, तो कळला की विक्रेता आणायचा. तिन्ही गोष्टी आपापल्या सवडीने येणाऱ्या. उत्तर हाती लागतं ते रावांच्या कंसात, म्हणून पुढचं कामही त्याच कंसात लिहिलं जातं. पहिल्या रावांच्या आत दुसरे, दुसऱ्यांच्या आत तिसरे. कोड पायरीपायरीने उजवीकडे सरकतो आणि शेवटी कंस बंद करताना बोटांवर मोजावे लागतात.

दिसायला वाईट एवढीच तक्रार असती तर मी इतकं लिहिलं नसतं. अडचण ही आहे की हा प्रकार चालतो. डेव्हलपरचा बॅकएंड त्याच्याच मशीनवर असतो, उत्तरं विचारलेल्या क्रमाने पटापट येतात, आणि एकात एक बसलेले तिन्ही राव अगदी शहाण्यासारखे वागतात. टेस्टिंगमध्ये पास, डेमोत पास. बिघडलेला स्वभाव दिसतो तो गिऱ्हाइकाच्या हातात, घाटात रेंज जात-येत असलेल्या फोनवर.

समजा, बसचा थांबा शोधायचा सर्चबॉक्स आहे आणि एका काकूंना कराडला जायचं आहे. त्यांनी ‘क’ टाइप केला, मग ‘करा’, मग ‘कराड’. बाहेरचे राव प्रत्येक बदलाला जागे होतात आणि आतल्या नव्या रावांना शोधायला पिटाळतात. तीन बदल झाले, तीन राव वाटेला लागले. ‘कराड’चं उत्तर एक-दोन नावांचं, ते लगेच परत येतं आणि पडद्यावर लागतं. ‘क’चं उत्तर मात्र लांबलचक: कणकवली, कर्जत, कळंब, कागल, कोपरगाव, कोल्हापूर आणि पुढे कितीतरी. ते सावकाश तयार होतं, सावकाश उतरतं आणि सगळ्यांच्या शेवटी पोचतं. आलेली यादी पडद्यावर लावायची एवढंच आतल्या रावांना सांगितलेलं असतं. ते इमानेइतबारे ‘कराड’ची यादी पुसतात आणि ‘क’ची लावतात. वर बॉक्समध्ये कराड, खाली पहिलं नाव कणकवली. काकू घाईत त्याच नावावर बोट ठेवतात.

यात रावांना बोल लावता येत नाही. मधल्या वेळात प्रश्न बदलला, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

पावतीचंही असंच होतं. पान बंद होताना जबाबदार डेव्हलपर पावती फाडतो, म्हणजे अनसबस्क्राइब करतो. पण त्याच्या हातात पावती असते बाहेरच्या रावांची. आतल्यांची कुणी घेतलेलीच नसते. ती कंसात तयार झाली आणि कंसातच हरवली. आत एका एचटीटीपी उत्तराचं काम असेल तर ते थोड्या वेळाने आपसूक संपतं. पण बस आत्ता कुठे आहे हे दर पाच सेकंदांनी विचारणारा टायमर आत असेल, तर काकू पान सोडून गेल्या तरी तो विचारतच राहतो. त्यांनी आधी चार बसगाड्या निवडून पाहिल्या असतील तर चार टायमर विचारत राहतात. फोन गरम होतो, बॅटरी उतरते, सर्व्हरवर ताण येतो. आणि कोडमध्ये शोधायला जावं, तर टायमरवरचं सबस्क्राइब एकाच ओळीत, एकदाच लिहिलेलं सापडतं.

शिवाय बाहेरच्या आणि आतल्या रावांमध्ये बोलाचाली नसते. बाहेरच्यांकडे एरर सोपवून निर्धास्त व्हावं, तर आतल्यांची एरर तिथवर पोचत नाही. ती कन्सोलमध्ये लाल अक्षरांत पडून राहते. बाहेरचं काम पूर्ण झालं की स्पिनर बंद करायचा असं लिहावं, तर आतले अजून वाटेत असतानाच स्पिनर थांबतो आणि रिकामं पान समोर येतं.

या सगळ्याच्या मुळाशी एक प्रश्न आहे. आधीचं काम चालू असताना नवं काम आलं, तर आधीच्याचं काय करायचं? हा प्रश्न रावांच्या कक्षेतला नाही, तो डेव्हलपरने सोडवायचा असतो. एकात एक राव बसवणारा तो न सोडवताच उत्तर देऊन टाकतो: सगळी कामं चालू राहू देत, ज्याला जेव्हा यायचं तेव्हा येऊ दे. कधीकधी हे उत्तर बरोबरही निघतं. पण ते कुणी विचार करून दिलेलं नसतं, आणि माझा खरा आक्षेप त्याला आहे.

आरएक्सजेएसमध्ये चौघे भाऊ आहेत ज्यांचा जन्मच या प्रश्नासाठी झाला. चौघेही आतल्या ऑब्झर्वेबलला स्वतः सबस्क्राइब करतात, त्याची पावती स्वतःजवळ ठेवतात आणि बाहेर एकच सलग ऑब्झर्वेबल देतात. बाहेरची पावती फाडली की आतलीही फाडली जाते. फरक आहे तो फक्त त्या प्रश्नाच्या उत्तरात.

स्विचमॅप सगळ्यांचा लाडका. नवं आलं की जुन्याचा हात सोडायचा, हा त्याचा बाणा. तो नुसतं दुर्लक्ष करून थांबत नाही. जुन्याची पावती फाडतो, आणि अँग्युलरचा एचटीटीपी क्लायंट ती फाटलेली पाहून रिक्वेस्टच रद्द करतो. काकूंनी ‘करा’ लिहिलं की ‘क’चा शोध तिथेच संपला. सर्चबॉक्स, पानाचा बदलणारा पत्ता, यादीवरचे फिल्टर, जिथे जिथे ताजं उत्तर तेवढंच हवं तिथे याच्या तोडीचा दुसरा नाही. त्याच्या पुढ्यात डिबाउन्सटाइमला ३०० मिलिसेकंद उभं केलं, तर टाइप करताना मधल्या बऱ्याच रिक्वेस्टी निघतच नाहीत.

लाडका असल्यामुळे त्याला नको तिथेही पाठवतात. टोपलीत वस्तू टाकायच्या बटणामागे तो बसला, आणि गिऱ्हाइकाने तांदूळ टाकून लगेच डाळ टाकली, की तो डाळीसाठी तांदळाची रिक्वेस्ट सोडून देतो. इथलं रद्द करणंही अर्धंच असतं. ब्राउझरने हात काढून घेतला तरी रिक्वेस्ट सर्व्हरपर्यंत पोचली असेल तर सर्व्हर आपलं काम करून मोकळा झालेला असतो. तांदूळ टोपलीत आहेत की नाहीत, हे पडद्याला सांगता येत नाही. वाचायच्या कामाला स्विचमॅप ठेवा, लिहायच्या कामापासून त्याला लांब ठेवा.

लिहायला कॉनकॅटमॅप आहे. रांग मोडणं त्याला ठाऊक नाही. पहिलं काम पूर्ण झाल्याशिवाय तो दुसऱ्याला हात लावत नाही, आणि कुणाला परतही पाठवत नाही. तांदूळ नोंदले गेले, मग डाळ. त्याच्या संयमाला मात्र सीमा नाही, आणि तीच त्याची धास्ती. आतला ऑब्झर्वेबल कधीच न संपणारा निघाला, तर मागची रांग तशीच तिष्ठत राहते आणि हा चकार शब्द काढत नाही.

मर्जमॅप मोकळ्या हाताचा, येईल त्याला कामाला लावणारा. एकात एक राव बसवून जे घडत होतं तेच तो करतो, पण पावत्या सांभाळून. एका वेळी किती कामं चालू ठेवायची याचा आकडा दिला तर तोही पाळतो. खूपसे फोटो चढवायचे असतील तर त्याला तीन-चारचा आकडा द्यावा. एकचा दिला तर तो कॉनकॅटमॅपच होतो.

चौथा एक्झॉस्टमॅप फार कमी लोकांना माहीत असतो, आणि मला तो सगळ्यांत प्रिय आहे. हातातलं काम संपेपर्यंत नवं आलेलं तो घेतच नाही. ‘पैसे भरा’ या बटणावर अधीर माणूस तीन-चारदा बोट मारतो, त्याचा काही दोष नसतो, पैशाच्या वेळी जीव वरखाली होतोच. एक्झॉस्टमॅप पहिलं बोट खरं धरतो, बाकीची सोडून देतो. दुबार पैसे कापले जाऊ नयेत याची तजवीज सर्व्हरवरही हवी, पण पडद्याच्या बाजूने इतका भरवशाचा पहारेकरी मिळत नाही.

या भावांकडे गेल्यावर एक पथ्य पाळावं लागतं. आतली एरर आता बाहेरच्या प्रवाहात येते, आणि एरर आली की प्रवाह कायमचा संपतो, हा आरएक्सचा करारच आहे. घाटात एकदा रेंज गेली, एक शोध फसला, आणि पुढे रेंज येऊनही सर्चबॉक्स मुका. काकू टाइप करतायत, कुणी ऐकत नाही. म्हणून एरर झेलणारा कॅचएरर बाहेरच्या पाइपात शेवटी न लावता आतल्या ऑब्झर्वेबलच्या पाइपात लावायचा. तो एक शोध फसला तर रिकामी यादी देऊन सोडून द्यायचं. बाहेरचा प्रवाह पुढच्या अक्षराची वाट बघत राहतो.

इतकं पटूनही माणसं पुन्हा रावांना रावांच्या पोटात बसवतात, आणि त्यामागे कारण असतं. विक्रेता आला, आता पडद्यावर वस्तू आणि विक्रेता दोघंही दाखवायचे आहेत. स्विचमॅपमधून पुढे तर विक्रेताच आला, वस्तू मागे राहिली. एकात एक कंस होते तेव्हा वस्तू आपोआप हाताशी होती. इथे विक्रेता आणणाऱ्या ऑब्झर्वेबललाच आत छोटा पाइप लावावा, त्यात मॅप घालून वस्तू आणि विक्रेता यांची जोडी करावी आणि ती जोडी बाहेर द्यावी. पाइपच्या आत पाइप चालतो. आत बसला तो अजून आळशी ऑब्झर्वेबलच आहे, कुणी त्याला उठवलेलं नाही. कधी उठवायचं आणि कधी थांबवायचं ते स्विचमॅपच्या हाती राहतं. एकात एक असण्यावर कुणाचा राग नाही. आत बसून परस्पर काम सुरू करणाऱ्या सबस्क्राइबवर आहे.

पुष्कळदा तर साखळीची गरजही नसते. जिल्ह्यांची यादी आणि भाषांची यादी यांचा एकमेकांशी संबंध काय? तरी सवयीने दुसरी पहिलीच्या पोटात जाते आणि पान उगाच दुप्पट वेळ थांबतं. दोन्ही एकदम पाठवाव्यात आणि फोर्कजॉइनला सांगावं की दोन्ही पूर्ण झाल्या की दे. तो सगळ्यांची शेवटची उत्तरं एकत्र देतो. त्याच्याकडे न संपणारा ऑब्झर्वेबल तेवढा सोपवू नये.

एकदाच मागायचं आणि एकदाच मिळायचं, एवढंच काम असेल तर फर्स्टव्हॅल्यूफ्रॉम घालून अवेट लिहिणाऱ्यांशी माझं भांडण नाही. ते वाचायला सोपं असतं. पण टाइप करणारी काकू एकदाच मागत नाही, आणि अवेटला मधेच ‘राहू दे’ म्हणता येत नाही.

रावांची नीट बसलेली जागा बघायची असेल तर चांगल्या कॉम्पोनंटमध्ये बघा. वर सगळा पाइप, भाऊ आपापल्या ठिकाणी, आणि तळाशी राव एकटे, आलेलं उत्तर पडद्याला देताना. त्यांच्याआधी टेकअंटिलडिस्ट्रॉइड लिहिलेलं असतं, अँग्युलर १६ पासून ही सोय आली, म्हणजे कॉम्पोनंट गेला की पावती आपोआप फाटते. कुठे कुठे रावांचं नावही दिसत नाही. टेम्प्लेटमधला असिंक पाइप त्यांचं काम करतो, पान गेलं की आवरतो. राव त्यावर रुसत नाहीत.

तुमच्या वाट्याला जुनी फाइल आली, तर ‘सबस्क्राइब’ शोधा आणि कंसातले राव वेचा. आरएक्सजेएससाठीच्या ईएसलिंट प्लगइनमध्ये ‘नो-नेस्टेड-सबस्क्राइब’ असा नियमच आहे, तो लावला की ते लाल रेघेखाली स्वतःच उभे राहतात. मग एकेका ठिकाणी तो प्रश्न विचारा, नवं आलं तर जुन्याचं काय, आणि उत्तराप्रमाणे भाऊ निवडा. बाहेरच्या रावांच्या जागी तो भाऊ बसवा, आतल्या रावांना तळाशी आणा. महिरपी कंस वापरलात तर आतला ऑब्झर्वेबल ‘रिटर्न’ करायला विसरू नका. विसरलात तर प्रवाहाच्या जागी अनडिफाइन्ड मिळाल्याची तक्रार येईल, आणि टाइपस्क्रिप्ट असेल तर ती चालवायच्या आधीच येईल. शेवटी ब्राउझरचा नेटवर्क टॅब उघडा, वेग मुद्दाम कमी करा आणि सर्चबॉक्समध्ये जरा थांबत थांबत ‘कराड’ लिहा. आधीच्या रिक्वेस्टींसमोर एकामागे एक ‘कॅन्सल्ड’ दिसलं, की ती फाइल रिव्ह्यूला पाठवा.